काचेच्या नळीवरचं कुंकू

४ ऑक्टोबर

सकाळच्या एसटीने कारखान्यावर. चिमणीला धूर नाही. यंदाही नाही. निम्मा ऊस वाळला, निम्मा जनावरांच्या दावणीला गेला. कॉलनीत टँकरची रांग गेटपर्यंत.

कारखान्याच्या त्रैमासिकाचा दिवाळी अंक २४ तारखेला छापायला द्यायचा. सोळा पानं. गाळप नाही, उतारा नाही, तोडणी नाही. घालायचं काय, असं चेअरमनना विचारलं.

"भरा कायतरी. तुमी बत्तीस वर्षं पेपर भरलाच की."

भरला. त्यात नाकारण्यासारखं काही नाही.

उठताना म्हणाले, "ती गर्जेबाई साखरेच्या लॅबमधी काय भाजती ते बघून या. दोन पानं निघतील."

५ ऑक्टोबर

वैशाली गर्जे. कारखान्याच्याच शिक्षणसंस्थेच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. आष्टीकडची. आईबाप अजून कोयता घेऊन पश्चिमेला जातात. नवरा चार वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. बोलणं थोडं, हात सतत कामात.

कारखाना बंद, म्हणून साखर तपासायची लॅब तिला मिळालेली. मध्ये भट्टी, ट्रंकेएवढी. तिच्यातून आरपार गेलेली काचेची नळी. काच म्हटलं तर तिने हटकलं. क्वार्ट्झ. नळीत निकेलचा पत्रा, विड्याच्या पानापेक्षा लहान. भट्टी हजार अंशांवर न्यायची, नळीतून मिथेन सोडायचा. तापलेल्या निकेलमध्ये कार्बन विरघळतो. मग थंड करायचं.

कळलं नाही. तिने समोरच्या, साखर शिजवायच्या बंद पॅनकडे बोट केलं. "पाक गरम असतो तवा साखर त्यात मावती. गार झाला की मावत न्हाई, दाणा बसतो. इथं निकेल म्हणजे पाक. न मावलेला कार्बन वर येतो आन् पत्र्यावर पसरतो. एका अणूच्या जाडीचा थर. ते ग्राफीन."

सगळी गोम गार करण्यात. झटकन केलं तर कार्बन वेडावाकडा, तुटका येतो. फार रेंगाळलं तर आत खोल मुरतो, वर काही येतच नाही. मधला वेग धरायचा. त्यासाठी कारखान्याच्या रशीद मिस्त्रीने जुन्या वजनकाट्याच्या भंगारातून दोन रूळ काढून भट्टीखाली घातलेत. वेळ झाली की नळी जागेवर राहते, भट्टी बाजूला सरकते.

पाच वेगांचे पाच नमुने हवेत. चार झाले. पाचवा, मधल्या वेगाचा, राहिला. त्याच्यावर सगळा प्रबंध. ३० नोव्हेंबर शेवटची तारीख. मुदत दोनदा वाढवून घेतली आहे.

विचारलं, नाही झालं तर?

"मग मी गर्जेबाईच. डॉक्टर न्हाई. आन् कॉलेजात डॉक्टर न्हाई त्यांना पुढच्या जूनपासून घरी बसवणारेत."

बातमीची कॉपी चांगली होईल.

८ ऑक्टोबर

आज एक गोष्ट माझ्या तोंडून गेली. नोंदवून ठेवतो.

चेअरमनना दसऱ्याची चिंता. दरवर्षी दसऱ्याला बॉयलरचं अग्निप्रदीपन असतं. सपत्नीक पूजा, होम, फोटो. ऊसच नाही तर बॉयलर कशाला पेटवायचा? आणि दसरा मोकळा गेला तर विरोधी गट तोच मुद्दा करणार.

मी म्हटलं, लॅबमधली भट्टी आहे की. 'बॉयलर थंड, भट्टी पेटली.'

मथळा म्हणून म्हटलं होतं. त्यांनी तारीख म्हणून घेतलं.

१८ ऑक्टोबर, दसरा

अग्निप्रदीपन झालं. लॅबमध्ये मावतील तेवढे संचालक, बाकीचे खिडक्यांना. भटजींनी भट्टीला बॉयलर म्हणूनच मंत्र म्हटले. त्यांच्या वहीत दुसरे नव्हते.

सपत्नीक विधी. वैशालीला कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमी जरा भायेर." वाईट आवाजात नाही. सवयीच्या आवाजात. ती दारात जाऊन उभी राहिली. बटण कोणतं दाबायचं, तेही तिथूनच सांगितलं; फोटोपुरतं दाबलं, लगेच बंद केलं.

वहिनीसाहेब, म्हणजे चेअरमनची पत्नी, ताट घेऊन पुढे झाल्या. वैशाली दारातून म्हणाली, "नळीला नका लावू. भायेरच्या पेटीला लावा." भटजी म्हणाले, "अग्नी जिथं, कुंकू तिथं." वहिनीसाहेबांनी बोटं ओली करून नळीवर स्वस्तिक काढलं, वर हळद, खाली पाच बोटं.

रशीद माझ्या कानाशी, "साब, बॉयलरला कुंकू चालतंय. तो लोखंडाचा रेडा हाय. ही नाजूक बाई हाय."

फोटोत दारातली वैशाली येत होती. फोटोग्राफरला सांगितलं, डावीकडून घे. फ्रेम स्वच्छ आली.

१९ ऑक्टोबर

वैशालीने सकाळी स्पिरिट आणि कापसाने नळी पुसली. झाडणाऱ्या बाईने पाहिलं.

२० ऑक्टोबर

टँकरच्या रांगेत चालू झालं. मी गेटवर रिक्षाची वाट बघत होतो. हंडा ठेवून उभी एक बाई दुसरीला म्हणाली, "सोताचं पुसलं, आता मशिनीचं पुसलं."

दुसरी हसली. मग हंडा पुढे सरकवला.

दुपारपर्यंत हेच वाक्य ऑफिसात, कँटीनमध्ये. चहावाल्याने मलाच नवं म्हणून सांगितलं. वाक्याला लय आहे, म्हणून टिकतंय.

२१ ऑक्टोबर

वहिनीसाहेब पुन्हा आल्या. ताट, दोन बायका, मागे कार्यालयातला शिपाई. पुन्हा स्वस्तिक, पुन्हा पाच बोटं, यावेळी दाबून. वैशाली भट्टीपाशी उभी. वहिनीसाहेब अगदी हळू बोलल्या. त्यांना मोठ्याने बोलावं लागत नाही.

"मॅडम, माझं कुंकू पुसायचं न्हाई. पुसल्यावर काय हुतं, तुमाला शिकवायची गरज न्हाई."

वैशालीने हातातला कापूस खिशात घातला.

लॅबला आजपासून दुसरं कुलूप. किल्ली चेअरमनच्या केबिनमध्ये.

मी त्या वेळी तिथेच होतो. भट्टीची लांबी-रुंदी लिहून घेत होतो. ती लिहून झाली.

२२ ऑक्टोबर

वैशाली बीडला माझ्या घरी आली. बायकोने, मंदाने, लिंबू सरबत दिलं, तिने अर्धं ठेवलं. नेटकं समजावलं, वर्गात समजावत असावी तसं.

कुंकवात हळद आणि चुना. बोटावर घाम, घामात मीठ. हे क्वार्ट्झवर राहून हजार अंश झाले की आत जातं. स्वच्छ नळीला पांढरा, खडूसारखा पट्टा पडतो. तापलेली असताना काही होत नाही. गार होताना तो पट्टा आणि बाकीची नळी वेगवेगळी आकसतात. तडकते.

"म्हणजे नेमकं तुझ्या कामाच्या वेळेला."

"व्हय. आन् आत गॅस असतो."

नळी एकच आहे. दुसरी मागवली तर यायला दोन महिने. तिच्याकडे एकोणचाळीस दिवस. नुसतं बोट लागलं तरी ती नळी स्पिरिटने पुसते, हातमोजे घालते. विद्यापीठात पहिल्याच दिवशी हे शिकवतात म्हणे.

"काका, तुमी चेअरमनला एवढंच सांगा, भट्टी लावायच्या आदी पुसू द्या. पुसल्यावर पेटीला पुन्ना लावा, हार घाला, काय बी करा. मी सांगितलं तर त्यांना कुंकूच ऐकू येतं. तुमचं ऐकतील."

सांगतो म्हटलं.

ती गेल्यावर मंदा म्हणाली, "आजच फोन करा." म्हटलं, असल्या गोष्टी समोर बसून सांगाव्या लागतात.

२३ ऑक्टोबर

चेअरमनसमोर तासभर बसलो. मुखपृष्ठ ठरलं. वहिनीसाहेबांचा फोटो, नळी आणि स्वस्तिक स्पष्ट. ते खुश होते. अशा वेळी विषय काढला असता तर मुखपृष्ठ पुन्हा ठरवावं लागलं असतं. अंक गेल्यावर सांगू.

२४ ऑक्टोबर

अंक वेळेत गेला. बत्तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, आजही नाही.

पान तीन: 'दसऱ्याच्या मुहूर्तावर प्रज्वलित झालेल्या भट्टीत ग्राफीन तयार झाले.' भूतकाळ. दसऱ्यापासून भट्टी एकदाही लागलेली नाही, किल्लीच नाही. पण अंक वाटला जाणार २ नोव्हेंबरच्या सभासद मेळाव्यात, आणि त्याच दिवशी सगळ्यांसमोर प्रयोग आहे. वाचकाच्या हातात पडेल तेव्हा वाक्य खरं झालेलं असेल. सभेची बातमी सभेआधी लिहून ठेवणं ही काही मी शोधून काढलेली रीत नाही. नाहीतर पेपर निघालेच नसते.

२६ ऑक्टोबर

चेअरमनना सांगितलं. जिन्यात. ते उतरत होते, मी चढत होतो.

"ते नळीवरचं कुंकू, गर्जे मॅडम म्हणत होत्या की..."

"कावून, तुमालाबी बाधलं का काय?" खांद्यावर हात ठेवला, हसले. सोबतचे दोघे हसले.

मीही हसलो.

संध्याकाळी वैशालीचा फोन. सांगितलं का? म्हटलं, सांगितलं. काय म्हणाले? म्हटलं, बघू म्हणाले.

ते बघू म्हणाले नव्हते.

२९ ऑक्टोबर

रशीदची गाठ. गॅरेजसमोर बाजेवर बसला होता. मेळाव्यात रुळांवरून भट्टी सरकवायचं काम त्याच्याकडे. म्हणाला, "मॅडमनी मला इचारलं, चाचा, भट्टी लावू का नको. मी काय सांगनार. न्हाई लावली तर म्हनतील मशीन खोटं, बाई खोटी. लावली तर नळी जानार. मी म्हटलं, लावा. नळीला तोंड न्हाई, लोकाला हाय."

मग म्हणाला, "एकादी बार टिकती बी. मॅडमच म्हनल्या. एकदा टिकती, दोनदा टिकती."

म्हणजे तिने तीच संधी धरली आहे. मेळाव्यातला नमुना हाच पाचवा नमुना. टिकली तर प्रबंध पुरा.

२ नोव्हेंबर

मेळावा. मंडपात चार-पाचशे. खुर्चीगणिक अंक. प्रयोग लॅबमध्ये, खिडक्या उघड्या, चेअरमन खिडकीशी माईक घेऊन. वैशालीने दोन दिवसांपूर्वी लिहून दिलं होतं की प्रयोगाच्या वेळी आत दोनच माणसं असावीत. आत अकरा होती. मी धरून.

भट्टी चढायला वेळ लागतो. तोवर चेअरमन बोलत राहिले. "आपल्याकडं पाऊस न्हाई, ऊस न्हाई. पन मॅडमकडं काजळीचं पीक आलंय." हशा. "एकरी उतारा किती, मॅडम?" हशा. वैशाली आकडे बघत होती. मान वर केली नाही.

हजार झाले. स्वस्तिकाचं लाल कधीच गेलं होतं. तिथे पांढरं दिसू लागलं. आधी पाच ठिपके, मग मधला पट्टा. नळीतून बघितल्यावर दुधासारखं. तिने ते पाहिलं, मी पाहताना तिने मला पाहिलं.

मिथेन सोडला. वेळ मोजली. मग बंद केला आणि दुसरा गॅस, तोही पेट घेणारा, वाढवला. रशीदला म्हणाली, "चाचा, सावकाश. मी म्हनते तसं."

भट्टी सरकली. लाल नळी उघडी पडली, सुंदर दिसली. पत्रा आत तांबूस. दोन वीत सरकली असेल तोच आवाज आला. मोठा नाही, कुणी बोट मोडावं तेवढा. पट्ट्याच्या कडेने रेघ गेली आणि रेघेतून ज्योत बाहेर. रशीदने एका हाताने वैशालीला मागे ढकललं आणि दुसरा हात ज्योतीवरून नेऊन सिलिंडर बंद केला. कोपरापर्यंत भाजला.

खिडकीशी चेंगराचेंगरी. माईक चालूच होता. चेअरमन म्हणाले, "काय न्हाई, काय न्हाई. जेवायला चला."

लोक जेवायला गेले.

वैशालीने चिमट्याने पत्रा काढला. काळा, पापुद्रे धरलेला. हवा शिरली की असं होतं म्हणे. बशीत ठेवला, वर झाकण ठेवलं. आता कशाला झाकायचा ते कळलं नाही.

३ नोव्हेंबर

अंक घरोघरी गेला आहे. पान तीन वाचून दाखवतात आणि हसतात. कँटीनमध्ये एक सभासद मला म्हणाला, "संपादकसाहेब, तयार झालं म्हनं. पुडीत बांधून द्या की पावशेर."

कुंकवाचं वाक्य आता वाढलंय. पुसलं म्हणून फुटली. देवाला राग आला.

पुन्हा लावलं होतं, ते जसंच्या तसं होतं, हे कुणी मोजत नाही. मीही बोललो नाही. वाद घालायची जागा कँटीन नव्हे.

६ नोव्हेंबर

चौकशी. तीन संचालक. वैशालीला विचारलं, पूजा झालेली वस्तू का पुसली? ती म्हणाली, पुसली तेव्हा फुटली नाही, पुसू दिली नाही तेव्हा फुटली. एकाने विचारलं, "म्हंजी वहिनीसाहेबांनी फोडली असं म्हनायचंय का?" ती म्हणाली, मिठाने फोडली. हे लिहून घेतलं नाही.

रशीद हाताला पट्टी बांधून आला होता. त्याने पाहिलं तसं सांगितलं. कुंकू कुठं होतं, पांढरं कुठं पडलं, तडा कुठून गेला. खाली सही केली, डाव्या हाताने. बाहेर आल्यावर त्याला कळवलं की उद्यापासून यायची गरज नाही. एकवीस वर्षं होता.

मला बोलावलं नाही. मी गेलो नाही.

९ नोव्हेंबर

वैशालीच्या मार्गदर्शकांचा निरोप तिने फोनवर वाचून दाखवला. मुदत तिसऱ्यांदा वाढत नाही. एकच वाट आहे. उपकरण संशोधकाच्या चुकीशिवाय नष्ट झालं, असं समक्ष पाहणाऱ्या दोघांनी लिहून दिलं तर समिती सहा महिने देऊ शकते. १६ तारखेला समिती बसते. रशीदचं लिहून झालं आहे.

"दुसरे तुमी, काका. बाकीचे आठ संचालक आन् त्यांची मानसं."

मजकूर तिने पाठवला. चार ओळी. पूजेत नळीला कुंकू लावलं, ते पुसू दिलं नाही, त्याच जागी तडा गेला, हे मी पाहिलं. एक शब्द खोटा नाही. मी तपासून बघितला, सवयीने. एक स्वल्पविराम बदलला.

१२ नोव्हेंबर

चेअरमननी केबिनमध्ये बोलावलं. चहा, बिस्किट. चौकशीचा निष्कर्ष लिहून हवा. "तुमच्या भाषेत. कडक नको, पन पक्का." म्हणजे: संबंधित प्राध्यापिकेच्या निष्काळजीपणामुळे दुर्घटना. संस्था संशोधनाच्या पाठीशी. मॅडमना जूनपर्यंत राहू देऊ, उदार मन. पुढच्या वर्षीचा अंकही माझ्याकडेच.

"वहिनीसाहेबांचं नाव कुठं येऊ नये बघा."

"केव्हा हवं?"

"पंधराला सकाळी अकरापर्यंत."

विचारलं ते एवढंच. केव्हा हवं.

१३ नोव्हेंबर

निष्कर्ष लिहून काढला. दीड पान. चांगला उतरलाय. 'निष्काळजीपणा' ऐवजी 'अनवधान' घातलं, मऊ वाटतं. मंदाने वाचला. म्हणाली, "तुम्ही कधी ओरडला नाहीत कुणावर, म्हणून लोक तुम्हाला चांगला माणूस म्हणतात."

मग गव्हात खडे बघत बसली.

१४ नोव्हेंबर

रशीद रस्त्यात भेटला. पट्टी मळलेली. मी विचारलं, हात कसा आहे? म्हणाला, "हात ठीक हाय, साब. तुमचा कसा हाय?"

हसला नाही. पुढे गेला.

वैशालीचा मेसेज: उद्या साडेदहाची छत्रपती संभाजीनगर गाडी धरते. स्टँडवर दहापासून आहे. सही केलेला कागद तेवढा आणाल का. खाली, मूळ प्रत लागते.

१५ नोव्हेंबर

टेबलावर दोन कागद. चार ओळींचा सहीविना. दीड पानाचा पाकिटात, पाकिटावर चेअरमनचं नाव. कारखान्याचा माणूस अकराला येऊन नेणार.

दाढी केली. सदरा घातला. स्टँड घरापासून पंधरा मिनिटं, चालत.

नऊ चाळीसला बसून चार ओळी पुन्हा वाचल्या. 'हे मी पाहिले.' वाक्य पूर्ण आहे, त्यात वाढवण्यासारखं नाही, काढण्यासारखं नाही. पेनाचं टोपण काढलं. मग वाटलं, तारीख कुठे घालावी, वर की खाली. सरकारी कागदात खाली डावीकडे असते. विद्यापीठाचं ठाऊक नाही.

तिचा एक फोन येऊन गेला. घेतला नाही. स्टँडवर गोंगाट असतो, ऐकू येत नाही.

दहा पाच. मंदा दारात. "निघताय, का चहा ठेवू?"

म्हटलं, ठेव. अर्धाच कप.